कामधंदा : अर्जंट भाड्याची गाडी घेऊ का?

प्रश्न : ताई, मी दिघीला राहतो. वय ४३. भोसरीतल्या एका कारखान्यात सतरा वर्षं इन्स्पेक्शनला आहे. हातात ३१ हजार येतात, बेसिक १८ हजार. गेल्या वर्षापासून कॉन्ट्रॅक्टची मुलं वाढतायत आणि आम्ही जुने कमी होतोय. एचआरने दोनदा बोलावून 'बघा, विचार करा' म्हटलं. मेव्हण्याच्या ओळखीचा एक जण चाकणहून पिकअपने अर्जंट माल नेतो. तो म्हणतो, नाशिकच्या एका रात्रीचे साडेसात हजार मिळतात. बारा वर्षं माझ्याकडे कार आहे, गावी साताऱ्याला रात्रीच जातो-येतो, त्यामुळे रात्रीच्या गाडीची भीती नाही. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिथं नवरा-बायको मिळून असाच घाईचा माल नेतात, ट्रकमध्येच पलंग आणि फ्रिज असतो. ग्रॅच्युइटी आणि फंड काढून तीन लाख भरावेत, बाकीचं कर्ज काढून पिकअप घ्यावी असं मनात आहे. मुलगी बारावीला आहे. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचारा. म्हणून विचारतोय.
— एक वाचक, दिघी

उत्तर : तुमच्या बायकोला आधी माझा नमस्कार सांगा.

आता मी कोण, ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. अकरा वर्षं मी म्हाळुंग्याला सुट्या भागांच्या एका कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवायचं काम, बघत होते. रात्री दीड वाजता गाडीवाल्याला फोन करून 'दादा, कुठं आहात? अर्जंट आहे' असं म्हणणारी बाई असते ना, ती मी. पुढं भावाबरोबर दोन पिकअप घेतल्या आणि सहा वर्षं तोच फोन उचलणाऱ्या बाजूला बसले. फोन करण्यापेक्षा उचलणं महाग पडतं, एवढं त्यात कळलं.

तुम्ही इन्स्पेक्शनचे, म्हणजे अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. लॉट रिजेक्ट झाला की तुमचा शिक्का मारून होतो. माझं काम तिथून सुरू व्हायचं. गाड्या जोडणारे मोठे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत, काही भागांचा तर दोन-चार तासांपुरताच साठा असतो. ही पद्धत टोयोटाची, आणि आता चाकण-रांजणगावची साधी रोजची रीत. त्यामुळे आपल्याकडचं एक मशीन बंद पडलं किंवा चारशे नगांत बर (कडेला राहिलेली धातूची कूस) निघाला, की तिकडे लाइन थांबायची वेळ येते. लाइन थांबली तर थांबलेल्या मिनिटांचे पैसे डेबिट नोट होऊन आपल्याच अंगावर येतात. मग साहेब म्हणतात, भाडं विचारू नका, गाडी काढा. नेहमीचं ठरलेलं भाडं अडीच हजार असेल तिथं साडेसात द्यायला कुणी मागेपुढे पाहत नाही. तेव्हा मेव्हण्याच्या ओळखीच्या माणसाने आकडा फुगवून सांगितलेला नाही. तसली भाडी मी स्वतः मंजूर करून घेतली आहेत.

फक्त ते पैसे कशाचे मिळतात, ते त्याने सांगितलेलं नाही. ती रात्र कशी जाते ते मी सांगते.

रात्री पावणेअकराला फोन येतो. तुम्ही जेवण अर्धं टाकून निघता, साडेअकराला चाकणच्या गेटवर. माल तयार नसतो. नसतोच! 'अर्जंट' म्हणून गाडी बोलावली तेव्हा तो अजून मशीनवर असतो, कारण गाडी दारात उभी आहे हे दिसलं की शॉपवाले भराभर हात चालवतात. ही युक्ती मीही केलेली आहे, आज लाज वाटते. मग फायनल इन्स्पेक्शन, मग बिन (माल भरायचे डबे) कमी पडतात, मग इनव्हॉइस निघतं आणि ई-वे बिल (मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) अडतं. सव्वादोनला तुम्ही बाहेर पडता. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाट्याला चहा. चंदनापुरीच्या घाटात चार वाजत आलेले असतात आणि नेमकी तीच झोपेची वेळ. संगमनेर, सिन्नर करत साडेसहाला सातपूर. तिथं सिक्युरिटीवाला म्हणतो, सेफ्टी शूज कुठं आहेत? पीयूसी दाखवा. डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या जागी, तुमच्या आधी पाच गाड्या. साडेदहाला माल उतरतो, पोचपावतीवर सही-शिक्का घ्यायला अजून पाऊण तास, रिकामे बिन परत भरायचे ते वेगळंच. परतीच्या भाड्यासाठी दोन-चार फोन करता, दुपारी बारापर्यंत वाट बघता, आणि मग रिकामीच गाडी घेऊन निघता. घरी पोचायला साडेचार.

सतरा-अठरा तासांत गाडी चालली आठ-नऊ तास. बाकीचा वेळ तुम्ही थांबलात. हा धंदा थांबण्याचा आहे, आणि थांबण्याचं भाडं क्वचितच कुणी देतं. हॉल्टिंगचं कलम कागदावर असतं, पण ते मागितलं की पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो.

आता हिशेब करू. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या माणसाकडून पडताळून घ्या. चाकण ते सातपूर जाऊन-येऊन ३६० किलोमीटर. पिकअप लिटरला बारा देते असं मानलं तर तीस लिटर, म्हणजे २,७०० रुपये. टोल ६००. ब्रोकर दहा टक्के घेतो, ७५०. चहा-जेवण ३००. हातात उरले ३,१५०, आणि बहुतेक लोक इथंच हिशेब थांबवतात. टायर, ऑइल, क्लच, बॅटरी यांचे किलोमीटरला अडीच रुपये बाजूला काढले की ९०० जातात. उरले २,२५०. महिन्यात अशा बारा फेऱ्या मिळाल्या तर २७ हजार. आठ लाखांच्या आसपास कर्ज, पाच वर्षं, हप्ता साधारण १७ हजार. विमा, कर, फिटनेस यांचे महिन्याला साडेतीन हजार. राहिले साडेसहा हजार. हो, साडेसहा. घर चालवायला.

वीस फेऱ्या मिळाल्या तर साडेचोवीस हजार उरतील. पण महिन्यात वीस अर्जंट रात्री पहिल्या वर्षी कुणालाही मिळत नाहीत. ज्यांचं नीट चाललंय ते लोक दिवसा ठरलेल्या दराने भोसरी-चाकण-तळेगाव अशा छोट्या फेऱ्या मारतात आणि अर्जंट भाडं हे वरचं लोणी. नुसत्या लोण्यावर कुणी जगत नाही.

आणि हे पैसेही हातात लगेच पडत नाहीत. अर्धा अ‍ॅडव्हान्स मिळाला तर नशीब, बाकीचे पोचपावती गेल्यावर पंचेचाळीस, साठ, कधी नव्वद दिवसांनी. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने चार महिने बिलं लटकवली होती. भावाने बायकोच्या पाटल्या ठेवून हप्ता भरला. नाव सांगत नाही, पण त्या कंपनीच्या गेटवरून जाताना आजही मी दुसरीकडे बघते. एक काम मात्र गाडी घेण्याआधी करा : उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन होते, फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर व्याज लागतं. प्रत्येक वेळी भांडायला जाल असं नाही, पण बिलावर तो नंबर दिसला की अकाउंट्सवाले ते बिल तळाला घालत नाहीत. तसंच दहापर्यंत गाड्या असलेल्या मालवाहतूकदाराने लेखी सांगून पॅन दिला तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. आमचे पहिल्या वर्षी विनाकारण कापले, रिफंडची वाट बघत बसलो.

अमेरिकेच्या व्हिडिओंबद्दल. तिथंही या धंद्याला मोठा हात मोटार कारखान्यांचाच लागला, त्या अर्थाने तुमची तुलना चुकीची नाही. पण पलंग बघून भुलू नका. तिथं मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, त्यापुढे थांबावंच लागतं. म्हणून घाईच्या मालाला दोन ड्रायव्हर लागतात, एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो, आणि सगळ्यात सोयीची जोडी नवरा-बायकोची. तो पलंग ही चैन नाही, नियमातून आलेली गरज आहे. आपल्याकडेही मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातलेली होती. पण स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याचे तास मोजायला कुणी येत नाही. पिकअपमध्ये मागे पलंग नाही. स्टिअरिंगखाली पाय घुसवून, सीटवर आडवं पडून झोपायचं. नव्या मोठ्या ट्रकांना १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली, पण साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना तो नियम नाही. मे महिन्यात सिन्नरच्या डॉकबाहेर उभं राहून बघा एकदा.

कागदांचं मी पटकन सांगते, कारण त्यात फारसं अवघड नाही. तुमचं कारचं लायसन्स पिकअपला चालतं. माल धरून एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळ्या लायसन्सची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय. तरीही काही गेटवर 'ट्रान्सपोर्टचं लायसन्स दाखवा' म्हणून अडवतात. वाद घालायचा नाही, शांतपणे सांगायचं. गाडी बघायला जाल तेव्हा शोरूममधल्या पोराला 'एकूण वजन किती?' हे पहिलं विचारा, रंग नंतर. मोटार वाहन कायद्यात ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही; त्याच्या वर गेलात की लागतं. एकाच नावाच्या गाडीचे दोन प्रकार या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात. मालकाने स्वतः चालवली तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असावाच लागतो, तो पॉलिसीत आहे ना ते वाचा. आणि गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. मागे ठेवलेले पार्ट भिजले तर काय, हे माल देणाऱ्याला आधी विचारून ठेवा. ताडपत्री चांगली घ्या, तिथं पैसे वाचवू नका.

ई-वे बिलाचा एक किस्सा सांगते, कारण अर्जंट गाडीत हीच चूक सगळ्यात जास्त होते. आमची गाडी सिन्नरजवळ बंद पडली. भावाने ओळखीतून दुसरी पिकअप मिळवली, पहाटे पाचला रस्त्याच्या कडेला सगळे बिन इकडून तिकडे केले, स्वतःवर खूश होऊन निघाला. ई-वे बिलावर जुन्याच गाडीचा नंबर! भाग ब मध्ये नवा नंबर टाकायचं त्याला सुचलं नाही आणि मला फोन करायचंही. पुढं तपासणीला अडवली आणि दुपारपर्यंत तिथंच. लाइन थांबली ती थांबलीच. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर नेताना ते बिल लागतं, आणि २०० किलोमीटरला एक दिवस एवढीच त्याची मुदत. होसूरला निघालात तर आठशेच्या वर किलोमीटर आहेत. वाटेत दीड दिवस गाडी बिघडली तर मुदत वाढवून घ्यायचं भान असायला हवं. ते भान कारखान्यातल्या कुणाला नसतं. रात्रपाळीचा मुलगा बिल काढून झोपलेला असतो.

आता जे लिहायला मला जड जातंय ते.

साताऱ्याला रात्री जाता-येता म्हणालात. ते वर्षातून आठ-दहा वेळा, शेजारी बायको बोलत असते, आणि दुसऱ्या दिवशी गावी झोपता येतं. डिस्पॅचला असताना माझ्या एका ठरलेल्या गाडीवाल्याला मी रात्री फोन केला. तो म्हणाला, 'मॅडम, सकाळीच कोल्हापूरहून आलोय.' मी म्हणाले, 'दादा, तुम्हीच आहात हो, दुसरं कुणी नाही.' तो नाही म्हणू शकला नाही. मी नियमित भाडी देणारी होते. पहाटे नारायणगावच्या पुढे गाडी दुभाजकावर गेली. माणूस वाचला, पाय मोडला, सात महिने घरी. माल दुसऱ्या गाडीने गेला आणि लाइन थांबली नाही, म्हणून मिटिंगमध्ये माझं कौतुक झालं. त्या वर्षाच्या शेवटी मी नोकरी सोडली.

म्हणून विचारते : 'आज नाही जमणार' असं म्हणता येईल का तुम्हाला, हप्ता पाच तारखेचा असताना? कर्जाची गाडी असली की ते म्हणता येत नाही. माझा गाडी घेण्याला खरा विरोध एवढ्यासाठीच आहे, पैशाचं गणित त्यानंतर.

मग करायचं काय? राजीनामा आत्ता देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. कंपनीने कामगाराला कमी केलं तर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तुम्ही स्वतःहून राजीनामा लिहून दिलात तर ती भरपाई गेली. तुमच्या हिशेबात बहुतेक ती नाहीच. ग्रॅच्युइटी मात्र दोन्ही वेळी मिळते. बेसिक १८ हजार गुणिले सतरा वर्षं. त्याला १५ ने गुणून २६ ने भागून बघा, पावणेदोन लाखांच्या वर जाते. एचआर काय देणार ते कागदावर मागा, आणि युनियन असेल तर त्यांच्याबरोबर बसून वाचा. फंडातली पेन्शनची बाजू हलवू नका. दहा वर्षं पूर्ण झालेली आहेत, ५८ व्या वर्षी पेन्शन तुमच्या हक्काची आहे. ती तुमच्या गाडीच्या टायरात जाऊ देऊ नका.

आणि गाडी घेण्याआधी गाडीवर बसा. मेव्हण्याच्या ओळखीच्या त्या माणसाबरोबर, तुमच्या सुट्टीच्या आदल्या रात्री. एक-दोन नाही, निदान आठ रात्री. वही ठेवा : फोन किती वाजता आला, गेटवर किती वेळ गेला, चाक किती वेळ फिरलं, हातात रोख किती आलं, ब्रोकरने किती कापलं. त्याला पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या फेऱ्या विचारा, आणि दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांच्या, जेव्हा चाकण अर्धं झोपलेलं असतं. तो टाळाटाळ करायला लागला तर त्यातच उत्तर आलं.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही पण मला दिसली. अर्जंट माल जातो तेव्हा दहातल्या निदान चार वेळा त्याच्यामागे रिजेक्शन असतं. म्हणजे माल पोचवून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या गेटवर उभं राहून जुना लॉट चाळावा लागतो, चांगले-वाईट नग वेगळे करावे लागतात, रिपोर्टवर सही लागते. त्यासाठी मी गाडीबरोबर एक वेगळा मुलगा पाठवायचे. त्याचा भत्ता वेगळा, आणि तो बिचारा गेज (माप तपासायचं साधन) कसा धरायचा हे नाशिकला पोचल्यावर मला फोनवर विचारायचा. गाडी चालवणारा माणूसच सतरा वर्षांचा इन्स्पेक्टर असता तर मी त्याला जास्त पैसे आनंदाने दिले असते, आणि गेटवर त्याची वाट बघण्याची किंमतही दिली असती. दिघी-भोसरी-चाकण पट्ट्यात ड्रायव्हर पुष्कळ आहेत. प्लग गेज आणि स्टिअरिंग दोन्ही धरणारे मला अकरा वर्षांत दोन भेटले. तेव्हा गाडी घ्यायचीच झाली तर 'अर्जंट भाडं मिळेल का?' असं ट्रान्सपोर्टरला विचारत फिरू नका. तुमच्या ओळखीच्या तीन-चार व्हेंडरांच्या क्वालिटी साहेबांना विचारा : रिजेक्शनच्या वेळी माल आणि सॉर्टिंग दोन्ही मी बघितलं तर महिन्याला ठरलेलं किती द्याल? त्यातल्या दोघांनी कागदावर आकडा दिला तर मला परत पत्र लिहा. मग आपण नव्या गाडीऐवजी चार वर्षं जुनी, हप्ता निम्मा असलेली गाडी बघू. नाही दिला, तर सॉर्टिंगचं काम करणाऱ्या एजन्सीत सुपरवायझरची जागा बघा. पगार आत्तापेक्षा कमी येईल, पण रात्री घरी असाल. मुलीची बारावीची परीक्षा होऊ द्या, तोवर काही सही करू नका.

प्रश्न : माझे मिस्टर रांजणगावहून रात्रीचा अर्जंट माल नेतात. फोन केला की चिडतात, नाही केला तर मला झोप येत नाही. काय करावं?
— मोशीहून एक वाचक

उत्तर : फोन करू नका. गाडी चालवताना आलेला फोन घेतला तरी धोका आणि वाजत ठेवला तरी डोकं तिकडेच. आमच्याकडे भावाची आणि वहिनीची ठरलेली पद्धत होती. निघताना, मधल्या चहाला आणि पोचल्यावर त्याने एकच शब्द टाकायचा : 'भरली', 'चहा', 'पोचलो'. चहाचा मेसेज अपेक्षेपेक्षा तासभर उशिरा आला तर वहिनीने ब्रोकरला फोन करायचा, त्याला नाही. वहिनी म्हणायची की 'चहा' वाचला की तिला खरंच झोप लागायची.

पण तुमची रात्रीची काळजी मला दिवसाशी जोडलेली वाटते. ते दुपारी किती तास झोपतात? दिवसा झोपलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी झोपलेला मानतच नाही. गॅसवाला बेल वाजवतो, सासूबाई 'उठव की त्याला, मामा आलेत' म्हणतात, समोर बांधकाम चालू. खिडकीला जाड काळा पडदा लावा, बेलची वायर काढून ठेवा, दारावर चिठ्ठी चिकटवा. पाच तासांच्या आत कुणी उठवायचं नाही, अगदी ब्रोकरचा फोन आला तरी. त्यांचा फोन दुपारी तुमच्याकडे ठेवा आणि 'झोपलेत, चारला करा' हे तुम्ही सांगा. पहिल्या महिन्यात दोन-तीन भाडी जातील, नंतर ब्रोकर चारनंतरच करतात. माझी वहिनी हे इतकं ठसक्यात सांगायची की एका ब्रोकरने तिचं नाव 'आरटीओ' ठेवलं होतं.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, राजगुरुनगरला राहतो. कारचं लायसन्स आठ महिन्यांपूर्वी काढलं. थेट हेवीचं काढून मोठ्या ट्रकवर जावं म्हणतो, पैसे जास्त आहेत. एजंट म्हणतो होऊन जाईल.
— एक वाचक

उत्तर : एजंटला विचार, वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मालवाहू गाडी चालवायची परवानगी कायद्यात नाही, ते तो कसं 'होऊन जाईल' म्हणतो? शिवाय ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्सला आधी कारचं लायसन्स एक वर्ष झालेलं असावं लागतं. तुझे दोन्ही पूर्ण नाहीत. खोट्या कागदावर काढलंस आणि अपघात झाला, तर विमा कंपनी तेवढं एकच कारण शोधत असते.

हे महिने वाया जातील असं समजू नकोस. ओळखीच्या ट्रान्सपोर्टकडे दिवसपाळीला क्लीनर म्हणून लाग. ताडपत्री बांधायला, दोरीची गाठ मारायला, टायर बदलायला आणि बिल्टी (मालवाहतुकीची पावती) वाचायला शीक. वळणावर मागचं चाक कुठून जातं ते खाली उतरून बघ. वीस झालास की भोसरीला नाशिक फाट्याजवळ जी ड्रायव्हिंगची संस्था आहे तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करून ये. आणि आईला विचारून ठेव, रात्री दोनला जेवायला उठवलेलं तिला चालेल का.